कान उघडला, पंधरा दिवसांनी पुन्हा मिटला

अर्धविराम (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, म्हणून आधी पार्श्वभूमी.

मागच्या महिन्यात माझ्या उजव्या कानाला दडे बसले. गंभीर काही नव्हतं, मळ होता. पण मी शहाणपणा करून काडी घातली आणि तो आणखी आत ठोसला. तीन आठवडे सगळं जग शेजारच्या खोलीत चालल्यासारखं ऐकू येत होतं. कुणी बोललं की मान वाकडी करून डावा कान पुढे करायचा, असा माझा अवतार. शेवटी डॉक्टरांनी आधी थेंब दिले, मग कोमट पाण्याची पिचकारी मारून कान मोकळा केला. खुर्चीतून उठलो आणि पहिला आवाज ऐकला तो माझ्याच पॅंटचा. कापडावर कापड घासल्याचा. मी दचकून मागे बघितलं, म्हटलं कोण आलं.

पण धागा काढावासा वाटला तो बाटलीमुळे. घरी येऊन पाण्याची बाटली नळाखाली धरली. आधी जाडाभरडा, पोकळ आवाज. पाणी चढत गेलं तसा तो बारीक व्हायला लागला, वर वर सरकायला लागला, आणि गळ्याशी आल्यावर तर शिट्टीसारखा धावतच सुटला. मी नळ बंद केला. मग लक्षात आलं की मी बाटलीकडे बघतच नव्हतो. कित्येक वर्षं मी न बघता, बरोबर काठाशी आल्यावर नळ बंद करत आलोय. म्हणजे कानाला हे सगळं ठाऊक होतं, मला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. बाटली रिकामी करून आणखी तीनदा भरली. (बादलीत ओतून. पाणी वाया घालवलं म्हणून कुणी अंगावर येऊ नका.)

पुढचे दहाबारा दिवस मजेत गेले. पिशवीची चेन. पान उलटल्याचा आवाज. जिन्यावरून कोण येतंय ते पावलांवरून ओळखणं. बायको चष्मा टेबलावर ठेवते तेव्हा आधी एक काडी टेकते आणि मग दुसरी, टक् टक्, हे मला लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर कळलं. कारण नसताना खूश असायचो.

मग ते विरायला लागलं. मी घाबरून वही केली. रोज पाच आनंदाच्या गोष्टी टिपायच्या, संध्याकाळी गजर लावून. नवव्या दिवशी पाचवी गोष्ट सुचेना म्हणून ‘पंख्याचा आवाज’ असं लिहिलं. खरं सांगतो, त्या दिवशी पंखा मी ऐकलाच नव्हता. स्वतःच्याच वहीत खोटं लिहिलं. आता बाटली भरतो तेव्हा आवाज येतो, पण मी तिथे नसतो.

तर प्रश्न असा: रोजच्या साध्या गोष्टींकडे लक्ष देण्यातला हा आनंद टिकवता येतो का? की कान उघडल्याचं बक्षीस पंधरा दिवसांपुरतंच असतं?

---

निळीशाई

धागा वाचता वाचता उठून बाटली भरून आले. चाळिशी उलटली आणि हे आज ऐकलं. एवढंच सांगायला आले होते. वाचतेय.

---

शून्यमैल

बाटलीचं कारण सोपं आहे. आवाजाची पट्टी ठरते ती पाण्यावर उरलेल्या हवेच्या स्तंभावरून. पाणी चढतं तसा हवेचा स्तंभ आखूड होतो आणि आखूड स्तंभ भरभर कंप पावतो, म्हणून सूर चढतो. बासरीवाला भोकं बोटांनी उघडत जातो तेव्हा हेच करतो. शेवटी सूर धावत सुटतो कारण तिथे बाटली निमुळती होते, पाणी झपाट्याने चढतं.

अजून एक करून बघा. दुसऱ्या कुणाला तरी एकदा गरम आणि एकदा गार पाणी पेल्यात ओतायला सांगा, तुम्ही डोळे मिटा. बहुतेकांना कुठलं गरम ते आवाजावरून ओळखता येतं. गाराचा जरा चुरचुरीत, गरमाचा मऊ. मी मुलीवर प्रयोग केला, दहापैकी नऊ वेळा बरोबर. ‘कसं ओळखलंस’ विचारलं तर म्हणे, “ओळखलं नाही, कळलं.”

---

जुनाजाणता

अर्धविराम, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सातशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलं आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची पहिलीच ओवी: ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे’. एक लक्ष तेवढं द्या, सगळी सुखं मिळतील. यापुढे परदेशी संशोधनाची गरज ती काय?

---

खडीसाखर

जुनाजाणता, ओवी सुंदरच, पण तिला ओढून ताणून इथे आणू नका. ते अवधान श्रोत्यांकडे मागितलेलं आहे, मी सांगतो ते नीट ऐका म्हणून. पुढच्याच ओवीत ‘ही प्रौढी नाही, सलगीची विनवणी आहे’ असं म्हटलंय. वक्त्याने सभेला केलेली विनंती आहे ती, बाटली भरतानाची साधना नव्हे.

---

जुनाजाणता

मान्य. पण एक सांगा, धागाकर्त्याने बाटलीच्या बाबतीत दुसरं काय केलं? ऐकलंच ना? श्रोताच झाला ना तो?

---

खडीसाखर

:) घ्या. हा मुद्दा तुमचा.

---

पाटीपेन्सिल

जरा लांबलचक लिहिते, चालवून घ्या.

अर्धविराम, तुमचा कान ‘पुन्हा मिटला’ यात बिघाड काही नाही. चेतासंस्था अशीच चालते. जे बदलत नाही त्याची बातमी ती वर पाठवत नाही. अंगावरचे कपडे आत्ता तुम्हाला जाणवत नव्हते, मी म्हटल्यावर जाणवले. पावसाच्या पहिल्या वासानं आपण खिडकीशी धावतो आणि पाच मिनिटांनी तो वास ‘गेलेला’ असतो. वास तिथेच असतो, नाकानं दखल घेणं थांबवलेलं असतं.

याचा एक गमतीचा प्रयोग १८०४ साली ट्रॉक्सलर नावाच्या स्विस वैद्यानं नोंदवून ठेवला. कागदाच्या मध्यावर एक ठळक ठिपका काढा. चारेक बोटं बाजूला पेन्सिलीनं एक फिकट, कडा पुसलेला डाग करा. आता ठिपक्यावर नजर रोखून वीस-तीस सेकंद बसा, डोळे अजिबात न हलवता. डाग विरघळतो आणि जागी नुसता कोरा कागद दिसतो. नजर इकडून तिकडे जराशी सरकवली की डाग परत हजर.

मी हे विद्यार्थ्यांना करायला लावते तेव्हा सगळे डाग गायब झाल्यावर खूश होतात. मला स्वतःला तो परत येतो तो क्षण जास्त आवडतो. कारण तो आणण्यासाठी जोर लावावा लागत नाही, उलट जोर सोडावा लागतो. डोळा एरवीसुद्धा सतत सूक्ष्म हलत असतो, म्हणून तर आपल्याला स्थिर वस्तू दिसत राहतात.

तुमची वही म्हणजे ठिपक्यावर रोखलेली नजर होती असं मला वाटतं. रोज, ठरलेल्या वेळी, पाच, आनंदाच्याच. मग डाग विरणार नाही तर काय होणार?

आता सवयीबद्दल. फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा १९७८चा अभ्यास बहुतेकांनी ऐकलेला असतो: लॉटरी लागलेले २२ लोक इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. त्यातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. मैत्रिणीशी गप्पा, विनोद ऐकणं, वाचन असल्या साध्या रोजच्या गोष्टींतून या लोकांना इतरांपेक्षा कमी मजा येत होती. मोठ्या घबाडानं छोट्यांची किंमत उतरवली. तुमच्या बाबतीत बरोब्बर उलटं झालं. तीन आठवडे कान गेला आणि छोट्यांचा भाव चढला. फक्त पुन्हा पुन्हा कान बंद करून घेणं हा काही उपाय नव्हे.

---

पायरीवरला

डाग गेला! आणि परत आला! ऑफिसात बसून करतोय, साहेबांना वाटतंय मी कागदपत्र फार बारकाईनं वाचतोय.

---

भोचकभवानी

मी या ‘क्षणात जगा’ प्रकाराची दुश्मन आहे, आधीच सांगते.

आमच्या ऑफिसात मध्यंतरी शिबिर झालं. आठ माणसांचं काम पाच जणांवर टाकलेलं, रात्री नऊनंतर निरोप येताहेत, आणि उपाय काय, तर सगळ्यांना सभागृहात बसवून हातावर एकेक मनुका ठेवली. बघा, हुंगा, कानाशी धरून दाबा. मी दाबली. तेवढ्यात माझा फोन थरथरला, ज्यांनी शिबिर ठेवलं त्यांचाच निरोप: अहवाल कुठाय?

मनुकेवर माझा राग नाही. पण माणसाला दमवून मग ‘तुम्ही लक्ष देत नाही म्हणून दमता’ हे सांगणं हा चावटपणा आहे. ज्याला फुरसत आहे त्याने बाटल्यांचं संगीत ऐकावं. अर्धविराम, तुमच्यावर रोख नाही, तुमचं चष्म्याचं टक् टक् वाचून मलाही बरं वाटलं. तरी.

---

पाटीपेन्सिल

भवानी, शंभर टक्के अनुमोदन, आणि तुमच्या रागाला बळ देणारी एक माहिती. ती मनुका जिथून आली त्या कार्यक्रमाची सुरुवात ऑफिसात झालेली नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात तो सुरू केला, आणि तिथे येणारे बरेचसे रुग्ण जुनाट दुखण्याचे होते, ज्यांच्यासाठी औषधोपचारांनी करायचं ते करून झालं होतं. आठ आठवड्यांचा कार्यक्रम. दुखणं जाईल असं वचन त्यात नव्हतं, दुखण्यासकट दिवस कसा काढायचा हा प्रश्न होता. म्हणजे फुरसतवाल्यांचा छंद म्हणून हे निघालंच नव्हतं, उलट फार वाईट अवस्थेतल्या माणसांसाठी निघालं. तिथून ते तुमच्या सभागृहात कसं पोचलं हा वेगळ्या धाग्याचा विषय.

---

सावकाश

मला भांडी घासण्याबद्दल लिहायचंय, कारण या विषयावरचा प्रत्येक लेख भांड्यांपाशी येऊन थांबतोच. फेसाचे रंग बघा, पाण्याची ऊब अनुभवा वगैरे. २०१५ मध्ये यावर अभ्याससुद्धा झालाय, ५१ विद्यार्थ्यांवर. काहींना आधी एक उतारा वाचायला दिला, लक्षपूर्वक भांडी घासण्याबद्दलचा. बाकीच्यांना भांडी नीट कशी घासायची एवढंच सांगणारा. पहिल्या गटाची धाकधूक कमी झाली, दुसऱ्यांना काही फरक नाही.

मी ते तीन महिने मनापासून केलं. काय आढळलं सांगू? मला भांडी घासणं आवडत नाही हे मला फार बारकाईनं कळलं. नेमकं काय आवडत नाही तेही. फेस, पाणी, घासणं यांच्याशी माझं वैर नाहीच. बाही. ओली झालेली बाही मनगटावरून कोपराकडे चढते, ते गार, चिकट सरकणं. एवढी वर्षं मी भांड्यांना शिव्या घालत होते आणि गुन्हेगार होती बाही.

आता बाही दंडापर्यंत दुमडून रबर लावते. आनंद वगैरे झाला नाही, पण चिडचिड निम्म्यानं गेली. हे ‘आनंदा’त धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी धरते.

---

निळीशाई

बाही!!! अगदी अगदी. माझाही गुन्हेगार सापडला.

---

भोचकभवानी

सावकाश, हे मला पटलं. याला माझी हरकत नाही. लक्ष देऊन जे खुपतंय ते सापडलं आणि ते काढून टाकलं. आमच्या शिबिरात बाहीबद्दल बोलायला मनाई होती, फेसच बघा म्हणाले.

---

कवडसा

माझी पद्धत नाही, पण एक गोष्ट दाखवतो. झाडाखाली जमिनीवर उन्हाचे ठिपके पडतात ना, ते नीट बघा. पानांमधली फट तिरपी, त्रिकोणी, फाटकी कशीही असते, पण खाली पडलेला ठिपका गोल. का? कारण प्रत्येक ठिपका हे सूर्याचं चित्र आहे. बारीक छिद्रातून समोरच्या वस्तूची प्रतिमा उमटते, त्याच नियमानं. खंडग्रास ग्रहणात त्याच झाडाखाली शेकडो चंद्रकोरी पडलेल्या दिसतात, तेव्हा पटतं.

मी हे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ऐकलं. तोवर झाडाखालून हजारदा गेलो असेन. आता सूर्यावर पाय देत चालतोय हे एकदा डोक्यात बसल्यापासून ती पायवाट जुनी होत नाही. म्हणून मला वाटतं, नुसतं ‘लक्ष द्या’ म्हणून भागत नाही. काय बघायचं ते थोडं माहीत असलं तर लक्ष आपोआप जातं. शून्यमैल यांनी हवेच्या स्तंभाचं सांगितल्यावर बाटलीचा आवाज मला दुप्पट ऐकू आला.

अवांतर: टोपणनाव या प्रकारावरूनच घेतलंय, आज पहिल्यांदा सांगायची संधी मिळाली.

---

उंबरठा

खूप दिवस नुसती वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

बाटली भरून बघितली. आवाज नीट ऐकू आला, चढत गेलेला कळला. पण त्यापुढे काहीच नाही. पूर्वी सकाळी खिडकी उघडली की हवेचा पहिला झोत चेहऱ्यावर यायचा, तो मला फार आवडायचा. आता हवा येते एवढंच कळतं. चार-पाच महिने असंच आहे. लक्ष कमी पडतंय असं वाटून रोज प्रयत्न करतेय, त्यानं उलट वाईट वाटतं, सगळ्यांना येतं ते मला का येत नाही म्हणून.

---

पाटीपेन्सिल

उंबरठा, बरं झालं लिहिलंत. तुमचं लक्ष कमी पडत नाहीये. तुम्ही जे लिहिलंय ते फार नेमकं निरीक्षण आहे.

ज्यात पूर्वी गोडी होती त्यातली गोडीच जाणं हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे, आणि ते दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टर त्याकडे गांभीर्यानं बघतात. तुम्हाला चार-पाच महिने झालेत. म्हणून लक्ष देण्याचे प्रयोग सध्या बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलात तरी चालेल, कारण कधी कधी थायरॉइडसारखं साधं शारीरिक कारणही निघतं. हवा आवडायची थांबली, हे वाक्य त्यांना असंच्या असं सांगा.

आणि इतरांसाठी: शांत बसून आत लक्ष देणं सगळ्यांना मानवतंच असं नाही. ध्यान करणाऱ्यांपैकी काहींना भीती, बधिरपणा, जुन्या आघातांच्या आठवणी असे त्रास होतात, हे विलोबी ब्रिटन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तपशिलात मांडलंय. ‘अजून प्रयत्न कर’ हा सल्ला तिथे घातक ठरू शकतो.

---

भोचकभवानी

उंबरठा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. बघ.

---

रिकामाकोट

जरा विरुद्ध बाजूनं. मन भटकलं तर एवढं काय बिघडलं? माझ्या आयुष्यातल्या सगळ्या बऱ्या कल्पना दाढी करताना, बसमध्ये, जिने चढताना आल्या, म्हणजे लक्ष भलतीकडे असताना. सगळेच दाढीच्या फेसाकडे बघत बसले तर जगाचं कसं व्हायचं?

---

पाटीपेन्सिल

हा प्रश्न आवडला. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांचा २०१० सालचा अभ्यास आहे. २२५० माणसांना दिवसात अधूनमधून फोनवर विचारायचे: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि तेव्हा लोक एकंदरीत कमी सुखी होते. पण त्यातला एक तपशील तुमच्या बाजूचा आहे. मन सुखद गोष्टीत भटकत असेल तर सुख घटलेलं दिसलं नाही. वाढलेलंही दिसलं नाही. म्हणजे दाढी करताना कल्पना येत असतील तर येऊ द्या. कालचं भांडण चौदाव्यांदा भांडत असाल तर मात्र फेस बरा.

---

पायरीवरला

मी कालचं भांडण भांडतो. चौदाव्यांदाही हरतो.

---

मोकळाश्वास

फोटोंचं काय? मला वाटायचं फोटो काढले की बघणं संपतं. संग्रहालयात मी सगळं फोनमधून बघून येते आणि घरी आल्यावर काही आठवत नाही.

---

कवडसा

याचं उत्तर दोन्हीकडे झुकतं. लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयातच हे करून बघितलं. ज्या वस्तूंचा पुरता फोटो काढला त्या लोकांना कमी आठवल्या, नुसत्या बघितलेल्या जास्त. पण ज्यांना वस्तूचा एखादाच भाग जवळ ओढून टिपायला सांगितलं, त्यांची आठवण घटली नाही, न टिपलेल्या भागांसकट. म्हणजे फोन खिशातून निघाला म्हणून दोष नाही. ‘घेतला एकदाचा, चला पुढे’ असं म्हणून निघालात तर दोष.

मी एका वस्तूचा एकच फोटो काढतो, आणि तो कोपऱ्याचा. लोकांना माझे फोटो दाखवता येत नाहीत, कशाचे आहेत तेच कळत नाही.

---

सावकाश

फोटोंवरून आठवलं. २०२० मधला एक अभ्यास मला फार आवडतो. व्हर्जिनिया स्टर्म आणि सहकाऱ्यांनी साठीपुढच्या लोकांना आठ आठवडे, आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं चालायला पाठवलं. निम्म्यांना सांगितलं, चालताना काहीतरी थक्क करणारं शोधा. बाकीच्यांना नुसतं चाला म्हणाले. दर वेळी स्वतःचा फोटो काढायचा. थक्क व्हायला निघालेल्यांच्या फोटोत आठवड्यागणिक माणूस लहान होत गेला आणि मागचं दृश्य मोठं. आणि हसू रुंदावलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना असं करायला.

---

खडीसाखर

सगळ्या चर्चेत मला वाटतं मूळ गोम अजून हाताला लागली नाही, म्हणून लिहितो.

अर्धविराम, तुमच्या वहीत ‘आनंदाच्या’ हा शब्द गोंधळ घालतोय. कान उघडल्यावर तुम्ही आनंद शोधत नव्हता, आवाज ऐकत होता. आनंद मागून आला. वही केल्यावर तुम्ही आवाज ऐकायचा सोडून आनंद झाला का ते तपासायला लागलात. स्कूलर, अॅरिएली आणि लोवेनस्टाइन यांनी २००३ मध्ये लोकांना स्ट्राविन्स्कीचं संगीत ऐकवलं. काहींना सांगितलं, ऐकताना खूश व्हायचा प्रयत्न करा. काहींना सांगितलं, किती आनंद होतोय ते क्षणाक्षणाला मोजत राहा. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं तेच बरे राहिले. (ते संगीत मुळात कर्णमधुर नाही, हेही लक्षात घ्या.)

माझा स्वतःचा अनुभव झोपेचा आहे. ‘आली का, आली का’ म्हणून बघत बसलं की ती येत नाही. तसंच हे. म्हणून माझ्या मते वही ठेवायला हरकत नाही, पण त्यात तुम्ही नसावं. बाटली असावी.

---

जुनाजाणता

खडीसाखर, हे वाचून तुमच्याशी भांडायची इच्छा राहिली नाही. म्हणजे वय झालं.

---

उंबरठा

भवानीताईंशी बोलले. उद्या सकाळची अपॉइंटमेंट मिळाली आहे. बहीण सोबत येतेय. पाटीपेन्सिल, ते वाक्य कागदावर लिहून घेतलंय. धन्यवाद.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत आलो. सगळे प्रतिसाद दोनदोनदा वाचले. उंबरठा, सवडीनं कळवा कशा आहात ते, घाई नाही.

गजर बंद केला. पाचचा आकडा काढला. ‘आनंदाच्या’ हा शब्द वहीच्या पहिल्या पानावर खोडला. आता जे नजरेस पडेल ते लिहितो, काही दिवस काहीच पडत नाही, त्या दिवशी पान कोरं. आणि मला कसं वाटलं ते लिहायचं नाही, एवढाच नियम. सुरुवातीला फार अवघड गेलं. ‘छान वाटलं’ असं पेन आपोआप लिहायला जातं. ते लिहायचं नाही म्हटल्यावर मग काय होतं ते बघावंच लागतं.

परवाची नोंद अशी: ‘लिफ्टमध्ये शेजारचे आजोबा. बटण दाबायला बोट वापरत नाहीत, किल्लीचं टोक वापरतात. आधी किल्ली शर्टाला पुसतात.’ बस. यात आनंद कुठे आहे ते मला सांगता येणार नाही. पण काल लिफ्टमध्ये ते आले तेव्हा मी किल्लीची वाट बघत होतो. पुसली त्यांनी.

एक कबुली. वहीत मागे गेलो आणि ते खोटं लिहिलेलं ‘पंख्याचा आवाज’ दिसलं. लाज वाटली म्हणून त्या रात्री पंखा खरोखर ऐकला. त्याला दर फेरीला एक बारीकसा ठेका आहे, चौथ्या गतीवर जातो तेव्हा तो ठेका हरवतो. नोंद खोडली नाही, तारीख बदलली.

---

मोकळाश्वास

जुन्या नोंदी वाचायचं सोडू नका. टिंग झांग आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा अभ्यास यावरच आहे. लोकांनी अगदी सामान्य दिवसाबद्दल लिहून ठेवलं, अलीकडचं बोलणं, ऐकत असलेली गाणी असलं काही. काही महिन्यांनी ते वाचायला मिळाल्यावर त्यांना त्यात आधी वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त रस वाटला. लिहिताना सगळ्यांना वाटतं, हे काय लिहून ठेवायचं.

---

शून्यमैल

पंख्याच्या ठेक्याबद्दल: एखादं पातं जराशानं जड असणार. वजन तोलून घ्या, ठेका जाईल.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

शून्यमैल, नको. असू दे.

ता. क. डाव्या कानाला आज सकाळपासून दडे बसल्यासारखे वाटताहेत. बायकोनं काड्यांचा डबा लपवून ठेवला आहे. कुठे ठेवला तेही कळलं, झाकणाचा आवाज आला.